खालच्या आगरातली सदतीस घरं

रोह्याच्या मन्सूर धनसेंनी बावीस वर्षं शारजात एका इंजिनीअरिंग ऑफिसात नकाशे काढले. रस्ते, गटारं, पाण्याच्या लाइनी, दिव्यांचे खांब. आधी टेबलावर वाकून शाईच्या पेनाने, पुढे कॉम्प्युटरवर. छप्पन्नाव्या वर्षी ते कायमचे घरी आले, तेव्हा मोहल्ल्याला त्यांच्याकडून अत्तरापेक्षा गोष्टीच जास्त मिळाल्या. "तिथं आधी नळ टाकतात, मग घर बांधतात. आपल्याकडं आधी घर, मग भांडण, मग नळ," असं ते मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर सांगायचे आणि ऐकणारे माना डोलवायचे. त्यांची बायको फरझाना मात्र हसायची. म्हणायची, "इतकी वर्षं दुसऱ्यांची गटारं काढलीत, आता आपल्या दारातलं बघा."

तशी संधी त्यांना मिळाली. पेणहून रोह्याकडे येताना मधल्या वाटेवर, खाडीच्या अंगाला, खारदेवळी म्हणून गाव आहे. आजूबाजूला कंपन्या आल्या, शिफ्टवाले भाड्याने राहायला आले, भाताच्या शेतात चार-चार मजली इमारती उठल्या, आणि बघता बघता ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. गाव वाढलं, पण गटार वाढलं नाही. इमारतींचं सांडपाणी, गणपतीच्या कारखान्यांतलं रंगाचं पाणी, बाजारातलं मासळीचं धुवण, सगळं एकाच नाल्याने खाडीत जायचं. शेवटी पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा करायचं ठरलं. त्यासाठी रोहिणी नावाची तिशीतली नगररचनाकार आली. हुशार, तापट, दिवसभर डबा उघडायचं विसरणारी. तिला गाव पायी फिरून मोजणी करणारा अनुभवी माणूस हवा होता. मन्सूरभाईंनी अर्ज केला आणि करारावर लागले.

पहिल्याच दिवशी रोहिणीने त्यांना बसवून सांगितलं, "मन्सूरभाई, उद्या काय व्हायला हवं ते मी ठरवीन. पण आज कुठं काय आहे ते तुम्ही मला सांगायचं. घर असेल तर घर, विहीर असेल तर विहीर. आजचा नकाशा चुकला, तर माझं पुढचं सगळं चुकलं."

"मॅडम, माझ्या कागदावर नाही ते गावात नाही, असं समजा," मन्सूरभाई म्हणाले.

ते वाक्य बोलताना त्यांना बरं वाटलं होतं. पुढे कितीतरी दिवस ते आठवलं की त्यांना बसल्या जागी मान खाली घालावीशी वाटे.

सहा महिने ते खरोखर राबले. सकाळच्या गाडीने रोह्याहून यायचे, डोक्याला रुमाल बांधायचे, टेप आणि कागद लावलेली फळी घेऊन निघायचे. कुणाच्या मागच्या दारी बकऱ्यांचा गोठा असला तरी तो नकाशावर यायचा. मूर्तिकारांच्या शेडी, मच्छीवाल्यांचे ओटे, बालवाडीची खोली, तिच्या पत्र्याला गळती आहे का, हेसुद्धा ते टिपून घ्यायचे. एकदा अलिबागहून मोठे अधिकारी आले होते. त्यांच्यासमोर रोहिणी म्हणाली, "धनसेंनी मोजलं असेल तर मी परत मोजायला जात नाही." मन्सूरभाईंनी त्या दिवशी घरी जाऊन फरझानाला हे दोनदा सांगितलं.

मोजणीचा शेवटचा तुकडा राहिला होता तो गावाच्या पश्चिमेला, खाडीच्या बांधापलीकडे. तिथे पूर्वी मिठागरं होती. ती बंद पडून पंचवीस वर्षं झाली असतील. त्या भागाला लोक खालचं आगर म्हणायचे. सोमवारी सगळा नकाशा रोहिणीच्या हातात द्यायचा होता, म्हणून मन्सूरभाई रविवारी सकाळी गेले. त्याच दुपारी रोह्यात त्यांच्या पुतण्याचा, जुहेबचा निकाह होता. इथूनच परस्पर हॉलवर जायचं म्हणून त्यांनी घरूनच पांढराशुभ्र सलवार-कुर्ता घातला होता आणि पायात मुलाने दुबईहून पाठवलेल्या चामड्याच्या चपला.

बांधावर चढून त्यांनी पाहिलं. भरती नुकती उतरली होती. पलीकडे उतरणारी पायवाट घोटाभर चिखलात बुडाली होती. तिवरांच्या मागे छपरांवरचे दोन-तीन निळे प्लॅस्टिकचे कागद दिसत होते, दोरीवर वाळत घातलेली लुगडी होती, एक धुराची रेघ वर चढत होती. कुत्रं भुंकलं. बाईने कुणाला तरी हाक मारली, तीही ऐकू आली.

मन्सूरभाईंनी चपला पाहिल्या. घड्याळ पाहिलं. मिठागरवाल्यांची जुनी खोपटी असतील दोन-चार, असं मनाशी म्हणाले. उद्या सकाळी येऊ, असंही म्हणाले. आणि परत फिरले.

निकाह छान झाला. बिर्याणी झकास होती. सोमवारी ऑफिसात पाऊल टाकताच रोहिणीने हात पुढे केला, "झालं?" उपग्रहाच्या फोटोत त्या जागी झाडांची दाट सावली आणि मातकट रंग होता, बाकी काही नीट कळत नव्हतं. मन्सूरभाईंनी तिथे बारीक अक्षरात लिहिलं, 'खाजण, मोकळी जागा', म्हणजे खारी दलदल, वस्ती नाही. तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात छापलेलं होतं, 'प्रत्यक्ष पाहणी करून तयार केले'. त्याखाली सही केली.

चार महिन्यांनी आराखड्याचा मसुदा तयार झाला. गावाला पहिल्यांदाच सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प मिळणार होता. त्याला खाडीजवळची, उताराची, रिकामी जागा हवी होती. खालच्या आगरावर निळसर रंगाचा चौकोन पडला आणि त्यावर आकडा आला, आरक्षण क्रमांक चौदा.

मन्सूरभाईंनी तो चौकोन पाहिला. आता बोलावं, असं वाटलं. पण रोहिणी समोर उभी राहून उत्साहाने सांगत होती, की एवढी मोक्याची मोकळी जागा मिळाली हे गावाचं नशीब. ऑफिसातले सगळे ऐकत होते. उद्या बोलू, असं त्यांनी ठरवलं. तो उद्या काही उगवला नाही. दर दिवशी सांगणं थोडं आणखी अवघड होत गेलं, कारण आता 'मी गेलो नाही' एवढंच सांगून भागणार नव्हतं, 'मी इतके दिवस गप्प बसलो' हेही सांगावं लागणार होतं.

आणखी तीन महिन्यांनी मसुदा जाहीर झाला. नगरपंचायतीच्या हॉलमध्ये भिंतभर नकाशा लावला. हरकती आणि सूचना द्यायला तीस दिवसांची मुदत होती, आणि लोकांना नकाशा समजावून सांगायला खुर्ची टाकून मन्सूरभाईंनाच बसवलं.

आठव्या की नवव्या दिवशी एक बाई आली. पन्नाशीची, काटक, बोटांच्या पेरांत रंग बसलेला. हॉलमध्ये आणखी दोघे होते, ते आपापली घरं शोधून निघून गेले. ही मात्र नकाशासमोर हात मागे बांधून कितीतरी वेळ उभी राहिली.

"काय बघायचंय बाई?" मन्सूरभाईंनी विचारलं.

"तुमी काढलाय काय हा?"

"व्हय."

"रेघ बारीक हाय तुमची. कुठं हात हाललेला नाय." ती हसली. "मी हमरापूरला कारखान्यात आखणी करते. गणपतीचे डोळे. सत्तावीस वर्षं झाली. म्हनून रेघेकडं आधी नजर जाते."

तिचं नाव सरू. खालच्या आगरात राहते, असं तिने सांगितलं, आणि मन्सूरभाईंच्या हातातला चहाचा कप हातातच राहिला.

सरूबाईंनी नकाशावर बोट ठेवलं. शिकलेली नव्हती, पण जागा तिला पाठ होती. हा नाला. हा बांध. ही उघाडी, जिथून भरतीचं पाणी आत-बाहेर होतं. "हितून उतरलं की डावीकडं चिंच. चिंचेपासून आमची घरं सुरू," असं म्हणत तिचं बोट सरकत सरकत निळ्या चौकोनावर येऊन थांबलं.

"माजं घर दिसत नाय, भाई."

त्या क्षणी खरं सांगायला फार शब्द लागले नसते. हॉलमध्ये तिसरं कुणी नव्हतं. टेबलावर हरकतीच्या कोऱ्या अर्जांचा गठ्ठा पडला होता, त्यातला एक काढून तिच्या हातात दिला असता तरी पुरलं असतं. मन्सूरभाईंनी घसा साफ केला.

"नकाशा लहान आहे, बाई. सगळी घरं मावत नाहीत."

"गावातली दिसतात."

"ती पक्की आहेत."

"आनि हा निळा?"

"ती सरकारी खूण आहे. तुम्ही त्याची काळजी करू नका."

सरूबाईंनी मान हलवली. "म्हंजे आमी हाव, पन दिसत नाय."

"व्हय," मन्सूरभाई म्हणाले. "तसंच."

ती समाधानाने गेली. जाताना दारातून वळून म्हणाली, "बरा माणूस भेटला. नायतर हितं कोन समजावून सांगतो!"

मन्सूरभाईंनी तो कप तसाच खिडकीत ठेवून दिला. त्या दिवशी परतीच्या गाडीत ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून ते शेवटच्या डब्यात जाऊन बसले.

तीस दिवस संपले. एकशे बारा हरकती आल्या. आरक्षण चौदावर एकच होती, काळुराम नावाच्या एका निवृत्त गृहस्थाची. त्यांचा नवा बंगला तिथून थोड्या अंतरावर होता आणि प्रकल्पाचा वास येईल अशी त्यांची तक्रार होती. खालच्या आगरातून एकही कागद आला नव्हता.

मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सरूबाई पुन्हा ऑफिसात आली. हातात वर्तमानपत्रात बांधलेला पुडा, त्याला सुक्या मासळीचा वास.

"जवळा हाय, सुका. आमच्या वाडीनं दिलाय."

"अहो, हे कशाला?"

"घ्या ओ भाई. तुमी नीट समजावलंत म्हनून वाचलो. आमचा गोविंदा हाय ना, दिराचा पोरगा, त्यानं अर्ज लिवला होता. सदतीस घरांच्या सह्या नि अंगठे घेतले होते. मोर्चा आनतो म्हनाला. मी म्हटलं, अरे उगाच कशाला दंगा, मी सोता जाऊन बघून आलेय, मन्सूरभाई म्हनून हायत तितं, त्यांनी सांगितलंय नकाशा लहान हाय. मग ऱ्हायला तो अर्ज घरात."

सदतीस. मन्सूरभाईंनी मनात 'दोन-चार' धरली होती.

त्यांनी पुडा घेतला. घेतला, हेच त्यांना पुढे स्वतःला माफ करता आलं नाही. नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून घेतला. "शुक्रिया," असंही म्हणाले.

फरझानाने दुसऱ्या दिवशी दुपारी त्या जवळ्यात कांदा आणि कैरी घालून भाकरीबरोबर वाढला. "कुठून आणलात? चांगला निवडलेला आहे, एक खडा नाय." मन्सूरभाईंनी घास उचलला आणि परत ताटात ठेवला. आणि मग, भाकरीकडे बघत, सगळं सांगितलं. बांध, चपला, सही, सरूबाई, अर्ज.

फरझाना बोलणारी बाई होती. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "आणि तुम्ही जवळा घेतलात?"

ती उठून आत गेली. दोघांची ताटं तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मन्सूरभाई बांध उतरले. गुडघ्यापर्यंत पँट दुमडली होती आणि हातात टेप आणि फळी. खालचं आगर म्हणजे खोपटी नव्हती. विटांच्या अर्ध्या भिंती आणि वर पत्रे असलेली घरं होती, दारांना निळा-हिरवा रंग होता, तुळशी होत्या, एक छोटंसं मंदिर होतं, अंगणवाडीची पाटी लावलेला ओटा होता. हंडे घेतलेल्या तीन बाया बांधाकडे निघाल्या होत्या. पाण्याचा नळ बांधापलीकडे होता, येऊन-जाऊन पाऊण तासाचा रस्ता.

सरूबाईंनी त्यांना पाहिलं आणि आनंदाने सुनेला हाक मारली, "किमया, पानी आन गो, मन्सूरभाई आले!"

"पाणी नको," ते म्हणाले. "आधी ऐका. सगळ्यांना बोलवा."

माणसं जमली. कामावर न गेलेले पुरुष, बाया, अंगणवाडीच्या सेविका चंद्रावतीबाई. गोविंदा दाराला टेकून उभा राहिला. मन्सूरभाईंनी उभ्या उभ्या सांगितलं. आवाज मध्येच बसला, तेव्हा थांबले आणि परत पहिल्यापासून सांगितलं, कारण मागच्यांना ऐकू आलं नव्हतं. तीच गोष्ट लागोपाठ दोनदा सांगायला लागली.

गोविंदा उसळला. "मुदत गेली ना! आता येऊन काय सांगता? मुदत असताना कुठं होतात? आमच्या डोक्यावर गावाची घाण आनून टाकनार, आनि वर जवळा पन खाल्लात!" आणखीही बोलला. त्यातलं काही तोंडात आणण्यासारखं नव्हतं, पण चुकीचंही नव्हतं.

किमयाने आणलेला पाण्याचा तांब्या सरूबाईच्या हातातच राहिला होता. गोविंदा थांबल्यावर तिने विचारलं, "म्हंजे नकाशा लहान नव्हता?"

"नव्हता."

"मग मला तसं का सांगितलंत?"

"लाज वाटली."

"कोनाची?"

सरूबाई तांब्या घेऊन आत गेली. माणसं पांगली.

ते तिथे उभे राहिले. मग त्यांनी मोजायला सुरुवात केली. टेपचं एक टोक धरायला दुसरा माणूस लागतो. गावात मोजणी करताना कुणीही धरायचं, पोरं तर भांडायची त्यासाठी. इथे कुणी पुढे आलं नाही, आणि मागायचं तोंड त्यांना नव्हतं. त्यांनी एक दगड उचलला, टेपच्या टोकावर ठेवला, दुसऱ्या टोकाला गेले, आकडा लिहिला, परत येऊन दगड उचलला. सदतीस घरं, मंदिर, अंगणवाडी, दोन कोरड्या विहिरी. कंबर मोडून आली. दारादारांतून लोक बघत होते. चार वाजता चंद्रावतीबाई लांबूनच म्हणाल्या, "तुमी तिकडचा कोपरा सोडलात. मागं गणू म्हाताऱ्याचं घर हाय." अडतिसावं घर. अर्जावर त्याचा अंगठाही राहून गेला होता. मन्सूरभाईंनी तेही मोजलं.

रोहिणीला सांगणं त्या मानाने लवकर झालं. ती टेबलाशी बसली होती. त्यांनी नवा कागद जुन्या तक्त्यावर ठेवला आणि सांगितलं. तिचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"मन्सूरभाई, आठ महिने! आठ महिन्यांत तुम्हाला एक दिवस सापडला नाही?"

"नाय सापडला, मॅडम."

"दुसऱ्या दोन जागा होत्या माझ्याकडं. ही रिकामी म्हणून ही घेतली. मी लोकांना सांगत फिरले, एकही घर उठणार नाही म्हणून!" ती उठून खिडकीशी गेली. मग हळू आवाजात म्हणाली, "मीही जागा बघायला गेले होते. बांधावरूनच बघितली. तुमचा कागद होता हातात."

मन्सूरभाईंना वाटलं, तिने ओरडावं. त्यांच्या एका सहीने या पोरीलाही खोटं पाडलं होतं.

कायद्याने नव्या हरकतींची मुदत संपली होती. पण चौदा क्रमांकावर काळुरामांची एक हरकत होतीच. ती नियोजन समितीपुढे सुनावणीला येणार होती, आणि त्या वेळी जागेबद्दल माहिती द्यायला मोजणी करणाऱ्याला बोलवता येत होतं. "तिथं बोला," रोहिणी म्हणाली. "सगळ्यांसमोर. कागदोपत्री नोंद होईल असं."

सुनावणीच्या दिवशी हॉल भरला होता. खालच्या आगरातली वीसेक माणसं मागे उभी होती. सरूबाई होती. गोविंदाच्या हातात तो जुना अर्ज होता. काळुरामांनी वाऱ्याची दिशा, डास, वास, बंगल्याची उतरणारी किंमत असं सगळं सविस्तर सांगितलं. मग मन्सूरभाईंना पुढे बोलावलं.

समितीच्या अध्यक्षांनी तक्ता उलगडला. "इथं लिहिलंय मोकळी जागा. खाली 'प्रत्यक्ष पाहणी करून'. ही सही तुमची?"

"माझी."

"पाहणी केली होती?"

"नाही."

"कारण?"

मन्सूरभाईंनी रात्रंदिवस याच प्रश्नाची तयारी केली होती. भरती नुकती उतरली होती, हे खरं होतं. वाट बुडाली होती, हेही खरं होतं. साठीला आलेला माणूस, गुडघ्याचं दुखणं, कुणीही समजून घेतलं असतं. त्यांनी मागे पाहिलं नाही, पण सरूबाई कुठे उभी आहे ते त्यांना ठाऊक होतं.

"पुतण्याच्या निकाहला जायचं होतं," ते म्हणाले. "पांढरे कपडे घातले होते. चिखलात खराब होतील म्हणून बांधावरून परत फिरलो."

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं हसलं. हसू पुढच्या रांगेपर्यंत आलं, समितीतल्या एकाने तोंडावर हात धरला. ज्या माणसाने कट्ट्यावर बसून वर्षानुवर्षं शारजाच्या शिस्तीच्या गोष्टी सांगितल्या, तो हात जोडून उभा होता, आणि हॉल हसत होता. मागे उभी असलेली माणसं मात्र हसत नव्हती. त्यांच्या घरांची किंमत एका सलवार-कुर्त्याएवढी झाली होती, हे त्यांना आत्ताच कळत होतं.

"आणखी एक," मन्सूरभाई म्हणाले. "या लोकांनी हरकत लिहिली होती. मी खोटं सांगितलं म्हणून त्यांनी ती दिली नाही. हेही लिहून घ्या."

गोविंदा पुढे आला आणि त्याने अर्ज टेबलावर ठेवला. तो मुदतीत नव्हता, तरी सुनावणीच्या कागदांना जोडून घेतला गेला.

निकाल सरळ लागला नाही. समितीने जागा बदलण्याची शिफारस केली. प्रकल्प बंद पडलेल्या दगडखाणीच्या सरकारी जमिनीवर न्यायचा ठरला. तिथे पाणी चढवायला पंप लागणार होते, त्यामुळे सगळा हिशेब नव्याने मांडावा लागला आणि मंजुरी वर्षभर लांबली. त्या वर्षात गावाचं सांडपाणी पहिल्यासारखंच खाडीत जात राहिलं, आणि बाजारात मासळी घ्यायला गेलं की 'यांच्यामुळंच रखडलं,' असं कोळिणी मन्सूरभाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने एकमेकींत बोलायच्या. खालचं आगर नकाशावर पिवळ्या रंगात, वस्ती म्हणून आलं. अडतीस घरं. तिथवर पाण्याची लाइन आणि बांधावरून पक्की वाट आराखड्यात धरली गेली. मन्सूरभाईंचा करार पुढे वाढवला नाही. त्यांनीही विचारलं नाही. जाताना रोहिणीला एवढीच विनंती केली, की अंतिम नकाशावरून आपलं नाव काढावं.

"नाही काढणार," ती म्हणाली. "चूक कुणाची होती तेही लोकांना दिसू दे, आणि दुरुस्ती कुणी सांगितली तेही."

ते कट्ट्यावर बसायचे बंद झाले. जुहेब एकदा निकाहचे फोटो घेऊन आला होता, तेव्हा चाचा अल्बम न बघताच बाहेर निघून गेले. त्याला वाईट वाटलं. फरझानाने त्याला काहीतरी कारण सांगितलं. ती नवऱ्याशी त्या विषयावर पुन्हा कधी बोलली नाही, पण जवळा तिने घरात आणला नाही.

दोन वर्षांनी, पेणच्या एसटी स्टँडवर, मन्सूरभाई डोळ्यांच्या दवाखान्यातून येऊन रोह्याच्या गाडीची वाट बघत होते. समोरून सरूबाई आली. खांद्याला पिशवी, हाताला रंग. हमरापूरहून कामावरून आली असावी. मन्सूरभाई पटकन वेळापत्रकाच्या फळ्याकडे वळले. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यांना अक्षर दिसत नव्हतं.

"रोह्याची गाडी आत्ताच गेली, भाई," शेजारून आवाज आला.

"येईल दुसरी," ते फळ्याकडे बघतच म्हणाले.

सरूबाईंनी पिशवी दुसऱ्या खांद्याला अडकवली.

"पानी आलं आमच्याकडं. चार महिने झाले."

"ऐकलं. बरं झालं."

"सकाळी एक तास येतं. ते पन बारीक. शेवटच्या घरांना पोचत नाय. गणू म्हाताऱ्याकडं तर थेंब नाय." तिचा स्वर तक्रारीचा होता, ऑफिसात बसलेल्या माणसाशी बोलावा तसा.

"मी आता तिथं नसतो, सरूबाई."

"म्हाइत हाय." तिची गाडी लागली. ती चढायला निघाली, पायरीवर थांबली. "तरी सांगितलं."

गाडी गेली. तिने माफ केलं, की फक्त पाण्याचं सांगितलं, हे मन्सूरभाईंना कळलं नाही. विचारायची हिंमत तर नव्हतीच.

आठवड्याभराने त्यांनी एक अर्ज लिहिला. खालच्या आगरात लाइनीचा दाब का पोचत नाही, शेवटच्या घरांसाठी कुठे व्हॉल्व्ह लागेल, टाकीची उंची किती हवी, असं दीड पान. शेवटी रेघ मारून लहानसा नकाशाही काढला. काढण्यापूर्वी ते चार-पाच दिवस तिथे जाऊन आले होते. सकाळी सहाला, नळाला पाणी असतं त्या तासात, बादलीला भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघत, प्रत्येक दारात. काहींनी बघू दिलं. गोविंदाने दार लावून घेतलं.

अर्ज पोस्टाने पाठवता आला असता. फरझानाने तसं सुचवलंही. मन्सूरभाई स्वतः खारदेवळीला गेले. नगरपंचायतीत आता नवी खिडकी झाली होती, लोकांच्या बाजूला लोखंडी कठडा आणि रांग. ते रांगेत उभे राहिले. आतल्या दोघा जुन्या शिपायांनी त्यांना ओळखलं आणि एकमेकांकडे पाहिलं, एकाने ओठ दाबून मान फिरवली. रांग हळूहळू पुढे सरकली. खिडकीत नवा कारकून होता.

"विषय?"

"पाणी. खालचं आगर."

"तुम्ही तिथं राहता?"

"नाही."

"मग अर्जदाराचं नाव काय लिहू?"

मागे उभ्या असलेल्या बाईने मान पुढे काढली. मन्सूरभाईंनी नाव सांगितलं. कारकुनाने त्यांना ते पुन्हा मोठ्याने सांगायला लावलं.